सूत्रांआधी आकृतीला गुण द्यावेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या परीक्षेत स्थितिकी (स्थिर वस्तूंवरील बलांचा समतोल) आणि घूर्णन गती (वस्तूंचे फिरणे) या प्रकरणांची विद्यार्थ्यांना जी धास्ती वाटते, ती विषयाच्या अवघडपणापेक्षा जडत्व आघूर्णांचा (वस्तू फिरवायला किती जड जाते हे सांगणाऱ्या राशींचा) तक्ता पाठ करणे म्हणजेच अभ्यास, या समजुतीतून आलेली आहे, असे अनेक वर्षे हा विषय शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे.

गुळगुळीत भिंतीला टेकवलेली एकसमान शिडी जमिनीशी ६० अंशांचा कोन करते आणि जमिनीचा स्थितिक घर्षण गुणांक ०.५ आहे, असे समजा. घर्षण किती, असे विचारले की कित्येक उत्तरपत्रिकांत गुणांकाला लंब प्रतिक्रियेने (जमीन शिडीला वर रेटते त्या बलाने) गुणून शिडीच्या वजनाच्या निम्मे हे उत्तर लिहिलेले आढळते. वास्तविक ती घर्षणाची कमाल मर्यादा होय. शिडी स्थिर राहण्यास लागते तेवढेच घर्षण तेथे असते, आणि या शिडीला ते वजनाच्या सुमारे ०.२९ पट लागते. शिडीच्या पायथ्याभोवती आघूर्ण (बलाचा वस्तू फिरवण्याचा परिणाम) घेतले की तेथील लंब प्रतिक्रिया आणि घर्षण ही दोन्ही अज्ञात बले समीकरणातून एकदम गळतात, भिंतीची प्रतिक्रिया एका ओळीत मिळते आणि आडव्या दिशेच्या समतोलामुळे घर्षणही तेवढेच ठरते. पण हे सुचण्यासाठी आधी सगळी बले दाखवणारी आकृती काढलेली असावी लागते, आणि नेमकी ही आकृतीच वेळ वाचवण्याच्या नादात वगळली जाते.

घूर्णनातही तेच घडते. उतारावरून न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोलाचे त्वरण घर्षणरहित उतारावरच्या ठोकळ्याच्या पाच सप्तमांश, भरीव वृत्तचितीचे दोन तृतीयांश आणि पातळ कड्याचे निम्मे असते. वस्तुमान आणि त्रिज्या यांचा त्यात काहीच संबंध उरत नाही. हे अपूर्णांक ज्याने एकदा स्वतः काढले, त्याला ते पाठ करावे लागत नाहीत. मात्र येथे एक सावधगिरी हवी, कारण स्थिर वस्तूसाठी कोणताही बिंदू निवडण्याची जी मोकळीक असते ती त्वरणयुक्त गतीत राहत नाही. आघूर्ण वस्तुमानकेंद्राभोवती घेणेच सुरक्षित.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, जडत्व आघूर्णांचा तक्ता प्रश्नपत्रिकेसोबतच छापून द्यावा आणि बलांची आकृती व आघूर्णबिंदूची सकारण निवड यांना स्वतंत्र गुण ठेवावेत. विद्यार्थ्यांनी तोपर्यंत वरचेच शिडीचे गणित एकदा पायथ्याभोवती आणि एकदा वरच्या टोकाभोवती आघूर्ण घेऊन सोडवावे, आणि दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत पुढच्या प्रश्नाकडे वळू नये.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक