भाचा सेमिनरीला निघालाय

खानापूर
मे अखेर

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा घर शाकारायला माणसं आली होती, म्हणून धड बोलता आलं नाही. मिरग तोंडावर आलाय आणि आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. पण तुझा प्रश्न तेव्हापासून मनात घोळतोय. 'तुझ्या भाच्याला फादर व्हायला आठ-नऊ वर्षं? पूजा सांगायला शिकायला इतकी वर्षं कशाला लागतात?' तू मनापासून विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

मिस्साचे, म्हणजे आमच्या चर्चमधल्या पूजेचे, विधी शिकायला फार वेळ लागत नाही, ते शेवटी शेवटी शिकवतात. आधी तयारीचं निदान एक वर्ष असतं, फार तर दोन. २०१६ साली रोमहून आलेल्या नियमावलीनं ते सक्तीचं केलं. मग किमान सहा वर्षं अभ्यास, त्यातली दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची. मध्ये कुठल्यातरी पॅरिशमध्ये, म्हणजे एखाद्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांत, प्रत्यक्ष काम. मग डिकन, म्हणजे फादरच्या खालची पायरी, आणि त्यानंतर निदान सहा महिन्यांनी गुरुदीक्षा, तीही वयाची पंचवीस पूर्ण झाल्यावरच. हिशेब झाला एवढाच. पण या वर्षांत खरं जे चालतं ते या हिशेबात दिसत नाही.

सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या निवासी शाळेत, दिवस उजाडायच्या आत घंटा होते. सकाळची प्रार्थना, अर्धा तास मौन ध्यान, मग मिस्सा. नंतर वर्ग, बागकाम, झाडलोट, खेळ. संध्याकाळी जपमाळ. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. तुझे आबा माळकरी होते, ओसरीवर बसून त्यांचा नित्यनेम चालायचा तेव्हा आपण अंगणात पाय न वाजवता फिरायचो. जवळपास तसंच समज. फरक इतकाच, की आबांनी तो नेम संसार करता करता धरला. इथं अठरा-वीस वर्षांच्या पोराला सगळं बाजूला ठेवून त्यात बसवतात.

झोपण्याआधी आत्मपरीक्षण असतं. दिवसभराचं मागं वळून बघायचं. देव कुठं जवळ वाटला, कुठं आपण त्याला टाळलं, कुणाशी बोलताना आवाज चढला. मला हे सुरुवातीला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटायचं. रोज तेच केल्यावर हळूहळू कळायला लागतं, की आपण स्वतःशीसुद्धा बरंच खोटं बोलतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक सेमिनरीत एक आध्यात्मिक मार्गदर्शक फादर असतात. मुलगा ठरलेल्या दिवशी त्यांच्यापुढं बसतो आणि मनातलं सगळं सांगतो. शंका, राग, शरीराची ओढ, घरची आठवण, प्रार्थनेचा कंटाळा. आणि चर्चच्या १९८३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की एखाद्याला दीक्षा द्यायची की घरी पाठवायचं हे ठरवताना या मार्गदर्शकाचं आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरचं मत कधीही विचारायचं नाही. रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, आणि इतर शिक्षक मुलाचं वागणं, अभ्यास, स्वभाव बघून ठरवतील. जो माणूस त्याला सगळ्यात जास्त ओळखतो, तो मात्र गप्प राहणार. मला हा नियम फार मोठा वाटतो. तो नसता तर प्रत्येक पोरगं मार्गदर्शकापुढंसुद्धा परीक्षा दिल्यासारखंच बसलं असतं.

हे मी इतकं जीव तोडून का लिहितोय, ते तुला कळलं असेल. मी सेमिनरीतून परत आलो त्या दिवशी तू स्टँडवर आला होतास. माझी ट्रंक सायकलच्या कॅरियरला बांधलीस आणि घरापर्यंत एक शब्द विचारला नाहीस. त्यानंतरही कधी विचारलं नाहीस. आज मीच सांगतो.

मी चॅपलमध्ये गायचो. सगळे म्हणायचे, हा चांगला फादर होणार. आईला गावात मान मिळायला लागला होता. माझं इंग्रजी ऐकून वर्गात हसायचे, पण गाण्यानं ते भरून निघायचं. ध्यानाला डोळे मिटून बसलो की मनात एकच चालू असायचं, कोण बघतंय. बाबा कर्ज ठेवून गेले त्याचा राग आत तसाच होता आणि वरून मी शांत, सोज्ज्वळ ब्रदर. सात-आठ महिने मार्गदर्शकांनाही गोडगोडच सांगितलं. मग एका संध्याकाळी कसं कोण जाणे, सगळं बाहेर पडलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "कुणी बघत नसताना तू देवाशी काय बोलतोस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. प्रार्थना नको, जेवण नको. मी म्हणालो, मला घरी जायचंय. ते म्हणाले, "आता नाही." येशूसंघ हा फादरांचा संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियसचा नियम आहे, मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून तो अंथरुणात पडला, तेव्हा आपल्या मनाचे चढउतार न्याहाळत त्याला ही समज येत गेली. फादरांनी मला ती चोर्ल्याच्या घाटावरून समजावली. धुकं दाटलं की ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, उतरणीला लागत नाही.

मी थांबलो. ईस्टर झाला. धुकं निवळलं, प्रार्थना परत गोड लागायला लागली, आणि त्या शांतपणातच मला दिसलं, की मला झगा हवा होता, गाणं हवं होतं, आईच्या चेहऱ्यावरचा आनंद हवा होता. ते आयुष्य नको होतं. तेव्हा मार्गदर्शकांनी अडवलं नाही. रेक्टरना मी जेवढं सांगितलं तेवढंच कळलं. गावात 'पळून आला' म्हणाले, आई कितीतरी दिवस बोलली नाही. पण मी पळून आलो नव्हतो रे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढं खरं बोललो होतो, आणि ते बोलायला मला त्या घरानं शिकवलं. फादर न होता परत येणं हेसुद्धा तिथल्या घडणीचंच फळ आहे, असं मी आज मानतो.

भाच्याची मला भीती वाटते ती यासाठीच. तो गुणी आहे. गुणी पोरं लपायला हुशार असतात. आतला माणूस कुणालाच न दाखवता जे दीक्षेपर्यंत पोचले, त्यातल्या काहींनी पुढं लोकांचं, लहान पोरांचंसुद्धा, किती नुकसान केलं ते तूही पेपरात वाचलं असशील. हे वाचताना मला लाज वाटते आणि रागही येतो. म्हणून आठ वर्षं मला जास्त वाटत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या मुलखाची. त्याची आजी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कोंकणीत म्हणते, घरात आम्ही मराठी, शाळेत कन्नड होतं, आणि आता पुस्तकं सगळी इंग्रजी. इथं पाट्यांच्या भाषेवरून बेळगावात किती रान उठतं ते आपण लहानपणापासून बघतोय. पण इथल्या फादरला कुमसार, म्हणजे पापनिवेदन, चारही भाषांत ऐकावा लागतो, कारण रडताना माणूस उसनी भाषा वापरत नाही. परवा मी त्याला विचारलं, एकटा असताना प्रार्थना कशात करतोस? थोडा विचार करून म्हणाला, "मामा, इंग्रजीत मागतो, पण भांडतो मराठीत." मला बरं वाटलं. मी म्हणालो, मग भांडण सोडू नकोस. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसानं गोव्यातल्या राचोलला येशूची कथा मराठी ओव्यांत छापली. बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये सिलोनला गेले, ते तिथं तमिळ आणि सिंहली शिकून लोकांत राहिले. आपल्या बैलहोंगलकडं देशनूरला येशूसंघाचे फादर भगवी वस्त्रं नेसून मठात राहिले. लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या रीतीत देव बोलतो, हे या माणसांनी जगून दाखवलं. भाच्यानं सुट्टीत घरी आल्यावर आजीच्या तेर्सला कंटाळू नये, इतकं त्यातलं त्याच्यात उतरलं तरी मला पुरे.

आता कामाचं. तो जूनमध्ये पुण्याला येतोय, नगर रोडवरच्या पेपल सेमिनरीत. ही सेमिनरी मूळची सिलोनमधल्या कँडीची, पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये सुरू केलेली, १९५५ ला पुण्यात आणली. तुझ्या घरापासून लांब नाही. पहिले काही आठवडे त्याला रुळू दे. मग एखाद्या रविवारी आधी फोन करून भेटून ये. कुंदा मी इथून देतोय, तू काही नेऊ नकोस. अभ्यास कसा चाललाय, फादर कधी होणार, असलं काही विचारू नकोस, ते सगळेच विचारतात. त्याला बाहेर चहाला ने, आबांच्या गोष्टी सांग आणि मराठीत बोल.

आणि कधी त्यानं तुझ्याजवळ सांगितलं, की काका, मला परत जायचंय, तर घाबरून मला लगेच फोन करू नकोस. त्याला म्हण, आधी तुझ्या मार्गदर्शकांना सांग आणि थोडे दिवस थांब. त्यानंतरही तो यायचंच म्हणाला, तर मी स्टँडवर सायकल घेऊन उभा असेन.

वहिनींना नमस्कार. आबांच्या वर्षश्राद्धाला गावी येशील तेव्हा मुक्काम माझ्याकडंच.

तुझा,
शाळेतला बाकावरचा मित्र