बँकॉकच्या ताईंना, आईच्या वतीने

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची-आमची ओळख ती केवढी? भावाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची तुम्ही चुलत बहीण. तेवढ्या धाग्यावर मी तुम्हाला मेसेज केला होता: आईला बँकॉक बघायचंय, वय ७४, दोन्ही गुडघे दुखतात, माळकरी आहे, जमेल का? तुमचं उत्तर आलं, "न जमायला काय झालं? काकू एका दमात किती चालतात ते आधी सांग."

हा प्रश्न तोवर आम्हाला कुणीही विचारला नव्हता. इथल्या एका टूरवाल्याने आईच्या समोरच सांगितलं होतं, "आजी बसमध्ये बसतील, तुम्ही फोटो आणून दाखवा." आईला नीट ऐकू येतं हो! त्या दिवशी घरी येऊन ती काही बोलली नाही, नुसती गव्हाची कणगी आवरत बसली. आणि "आईला घेऊन बँकॉकला?" असं म्हणत गालात हसणारे नातेवाईक तर विचारूच नका. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ज्या शहराच्या विमानतळावर समुद्रमंथनाचं एवढं भव्य शिल्प उभं आहे, राजवाड्यातल्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेचे १७८ प्रसंग रंगवलेले आहेत, त्या शहराबद्दल या लोकांना तेवढंच ठाऊक असावं?

तुम्ही खूप काही केलंत. पण मला आभार मानायचे आहेत ते त्या एका व्हिडिओचे. आम्ही वाट फो या बुद्धाच्या देवळात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः मेट्रोने सनाम चाय स्टेशनवर गेलात. लिफ्ट कुठे आहे ते दाखवलंत, वर म्युझियम सयामपाशी आलात आणि तिथून देवळाच्या दारापर्यंत आईच्या चालीने, अगदी सावकाश चाललात. मध्येच थांबून म्हणालात, "इथे सावली आहे, इथे काकूंना बसवा. घाई करू नका." मागे गाड्यांचा आवाज, तुम्हाला लागलेली धाप, सगळं ऐकू येत होतं. आईने तो व्हिडिओ हॉटेलच्या पलंगावर बसून पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "कोण कुठली पोर, माझ्यासाठी उन्हात चालतेय गं."

दुसऱ्या दिवशी ती त्याच सावलीत बसली आणि मग आत गेली. ४६ मीटर लांबीचा तो पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावाने काढलेली १०८ मंगलचिन्हं. आई पायांपाशीच किती वेळ उभी होती! मागच्या बाजूला भिंतीलगत १०८ भांडी मांडलेली आहेत, लोक त्यात एकेक नाणं टाकत जातात. आईने जपाच्या लयीत, एकही न चुकवता, सगळ्या भांड्यांत नाणी टाकली. एका हाताने भिंतीचा आधार घेत होती. मी हात पुढे केला तर नको म्हणाली.

तुमच्या बाकीच्या सूचनाही शब्दशः उपयोगी पडल्या. राजवाड्याबाहेर एक नीटनेटका गृहस्थ "आज महाल बंद आहे, स्वस्तात टुकटुकने फिरवतो" म्हणत आलाच. तुम्ही बजावलं होतं, की असल्यांना उत्तरही द्यायचं नाही, सरळ तिकीट-खिडकी गाठायची. खिडकी उघडीच होती. टॅक्सीत बसण्याआधी मीटर लावायला सांगायचं, हॉटेलचा पत्ता थाई लिपीत जवळ ठेवायचा, संध्याकाळी सुखुमवितच्या रस्त्यावर गाडीत अडकण्यापेक्षा बीटीएस, म्हणजे वरून धावणारी मेट्रो, धरायची. वाट अरुण देवळाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, तेव्हा था तियनच्या धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे जाऊन नुसतं खाली बसायचं. आणि जेवण! भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे', म्हणजे शुद्ध शाकाहारी, असं लिहिलेली गाडी शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आई केळी खाऊनच राहिली असती. एकदा पाहुरातच्या गुरुद्वारात लंगरलाही बसलो. तिथे तिला गरम पोळी मिळाली आणि ती खुलली.

ताई, यात तुमचा काय फायदा होता? तुमची नोकरी, मुलांच्या शाळा, त्या शहरातली ट्रॅफिक, हे सगळं सांभाळून तुम्ही एका अनोळखी बाईच्या गुडघ्यांचा विचार केलात. ज्यांनी पैसे मागितले होते त्यांना तो करता आला नाही. माणसाला माणूस म्हणून बघायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही, तरी ते इतकं दुर्मिळ का झालंय ते मला कळत नाही. असे लोक भेटले की वाटतं, यांची नावं पेपरात छापून यावीत. पण तुम्हाला ते आवडणार नाही, म्हणून इथे नाव लिहीत नाही.

एक विनंती आहे. माझी मैत्रीण जानेवारीत सासऱ्यांना घेऊन तिकडे जाते आहे. ते काठी घेऊन चालतात. तुमची हरकत नसेल तर तो व्हिडिओ तिला पाठवू का?

आईने तुम्हाला आणि मुलांना पोटभर आशीर्वाद सांगितले आहेत. पुण्याला आलात की परस्पर हॉटेलात उतरायचं नाही, हेही तिनेच लिहायला सांगितलंय.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
काकूंची धाकटी लेक