आप्पांचा हरिपाठ आणि तुझा प्रश्न

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही. आप्पा शेजारीच असतात आणि बोलता येत नसलं तरी त्यांना सगळं कळतं. म्हणून लिहिते आहे.

परवा तू विचारलंस, इतकी वर्षं विठोबाचं केलं त्याचं हेच फळ का? मी चिंगीच्या शाळेचं काढून विषय बदलला. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. आप्पांना अर्धांगाचा झटका आल्यावर बरेच दिवस मी देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता. तुझ्या आत्या म्हणाल्या, घरात दिवा नाही हे बरं नव्हे. म्हटलं, तुम्ही लावा, मला आज त्याचं तोंड बघायचं नाही. त्यांनी लावला. मला रागावल्या मात्र नाहीत. आपल्या विठोबाला या रागाची सवय आहे रे. 1630 च्या दुष्काळाने तुकोबांची बायको नेली, पोर नेलं, दुकान बुडवलं. देवाला त्यांनी कमी सुनावलेलं नाही. जनाबाईंनी तर तोंडावर शिव्या घातल्या. भांडायची सोय आहे म्हणून तर हा देव मला परवडतो.

आप्पांचं भजन मला कधी फारसं कळलं नाही. नोकरीत असताना आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या चालवायच्या, सगळ्या जगाला वारीला पोचवायचं आणि आपण स्टँडवर गाडीतच झोपायचं. रिटायर झाल्यावर पायी जायला लागले, तर 2020 ला कोरोनाने वारी बंद. पादुका एसटीने गेल्या तेव्हा टीव्हीसमोर बसून रडले आणि वर म्हणाले, शेवटी माऊलीला आमचीच गाडी लागली! त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, आपलं घर पाण्यात, आपण शाळेच्या वर्गात सतरंजीवर. तिथेही संध्याकाळी यांचा हरिपाठ सुरू. मी तेव्हा चिडले होते. घरातलं धान्य कुजतंय आणि हे टाळ्या वाजवतात! पण वर्गातल्या अनोळखी बायका तेवढ्यासाठी जवळ येऊन बसायच्या, आणि मग भाकरीही एकत्रच व्हायची.

आता या वर्षीचं. साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि बोलणं गेलं. घरी आणलं तेव्हा एकच शब्द उरला होता, 'थांब'. पाणी हवं तरी थांब, दुखतंय तरी थांब, मी आवडते तरी बहुतेक थांबच. पातळ पाण्याने ठसका लागतो म्हणून सगळं घट्ट करून भरवायचं. चमचा तोंडाशी नेला की डोळ्यांतून पाणी यायचं. सल्ले देणारेही खूप आले. कबुतराचं रक्त चोळा म्हणणारेसुद्धा दोघे निघाले. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

एकदा संध्याकाळी मी भाजी निवडत होते. देवळात हरिपाठ सुरू झाला, खिडकीतून आवाज येत होता. आणि कॉटवरून आप्पा म्हणाले, 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी.' अख्खी ओळ, चालीत, जिभेचा थोडा जडपणा सोडला तर चक्क स्पष्ट. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मला वाटलं, झाला चमत्कार! धावत जाऊन विचारलं, चहा देऊ? तर म्हणाले, थांब.

बोलायला शिकवायला ती मुलगी येते ना, तिला सांगितलं. ती हसली. म्हणाली, बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, तिथेच यांना मार बसलाय. गाणं, आरती, आकडे, वार, असं वर्षानुवर्षं घोटलेलं दुसऱ्या वाटेने बाहेर येऊ शकतं. बरे झाले असं समजू नका, पण ही वाट वापरा. तेव्हापासून मी त्यांचा डावा हात धरून ठेका देते आणि 'चहा द्या' हरिपाठाच्या चालीत म्हणवून घेते. परवा त्यांनी 'मीठ कमी' असं सुरात सुनावलं. बाळा, इतकी वर्षं ऐकलेली ही तक्रार मला इतकी गोड कधी लागली नव्हती!

तिने कारण सांगितलं म्हणून माझ्या मनातून विठोबा उतरला नाही. ती वाट पायाखालची कोणी केली? आप्पांनीच, रोज संध्याकाळी, मी चिडत असताना. मी आता दिवा लावते. फळ मिळालं म्हणून नव्हे. सात वाजले की माणसं येतात म्हणून. ताई जयसिंगपूरहून जमेल तशी येते. शेजारच्या काकू येतात. आणि तुझे काका, बांधावरून ज्यांनी आपलं तोंड बघणं सोडलं होतं, ते दर रविवारी येऊन आप्पांची दाढी करतात. गाल ताणून, वाकड्या बाजूला जपून जपून. बांधाचा विषय कोणी काढत नाही, तो जिथल्या तिथे आहे. पण दाढी झाली की हरिपाठालाही थांबतात.

तू पैसे वेळेवर पाठवतोस, त्यात काही कमी नाही. पण फोनवर आप्पा आले की गप्प होतोस, आणि 'नेटवर्क नाही' म्हणून ठेवतोस. त्यांना ते समजतं. चिंगीचं बघ, ती आजोबांना 'थांब' म्हणते, ते तिला 'थांब' म्हणतात, दोघं खिदळतात. तुला बोलायला सुचत नसेल तर बोलू नकोस. सात वाजता व्हिडिओ लाव आणि आमच्याबरोबर म्हण. विठोबाला मान असं मी सांगत नाही, ते तू आणि तो बघून घ्या. पाठ नसेल तर पुस्तिका पाठवते, आप्पांचीच आहे, पानांना तेल लागलंय.

दिवाळीला येशील तेव्हा आप्पांना एका हाताने लावता येईल अशी, वेल्क्रोच्या पट्ट्याची चप्पल आण. माप आठ. मागून पट्टा हवाच; इथे घेतलेली उजव्या पायातून निसटते आणि फिजिओथेरपीवाला मलाच ओरडतो.

सूनबाईंना आशीर्वाद, चिंगीला पापा.

तुझी,
आई