सहीच्या आधी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गाडी सुटताना तू खिडकीतून बघितलंसुद्धा नाहीस. समोरासमोर बोललो की आपलं वाजतं, म्हणून लिहितोय.

आयएसएलच्या, म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या फुटबॉल लीगच्या संघाने तुला बोलावलं हे मी पेठेत किती जणांना सांगितलं ते आईला विचार. तालमीत पेढे आप्पांनी वाटले. पैसे माझे होते.

पण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म भर.

गेल्या हंगामाच्या बातम्या तूच मला वाचून दाखवायचास. फुटबॉल फेडरेशन आणि रिलायन्सच्या कंपनीचा लीगचा 15 वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार, हे 2010 पासून कागदावर होतं. तरी कोणी पुढची सोय केली नाही. त्याआधीच जुलैत कंपनीने हंगाम थांबवला, मग कुठे सराव बंद, कुठे पगार बंद. लीगच्या व्यावसायिक हक्कांची निविदा काढली तर एकही बोली आली नाही. शेवटी 14 फेब्रुवारी 2026 ला लीग सुरू झाली, तीही प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं अशी. मँचेस्टर सिटीचे मालकसुद्धा मुंबई सिटीतून बाहेर पडले. तिकिटं आणि टीव्हीच्या पैशात संघ चालत नाही रे. मालक खिशातून घालतो तोवर चालतो.

पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर त्या फ्रेंच त्रेझेगेला बघायला नेलं होतं, आठवतं? परतीच्या एसटीत तू केशरी-जांभळी जर्सी घालूनच झोपलास, नंतर आठवडाभर धुवायला दिली नाहीस. आत्या अजून हसते. त्याचा तो पुणे सिटी संघ 2019 मध्ये हैदराबादला गेला, आता तिथूनही दिल्लीला. त्याच बालेवाडीत खेळलेले पुणे एफसी, भारत एफसी, शिवाजियन्स, सगळे बंद पडले. आपल्या कोल्हापुरातले पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे तालमींचे संघ मात्र वर्गणीवर पिढ्यान्‌पिढ्या खेळतायत आणि शाहू स्टेडियम भरतंय. (तिथेही आता बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणतात, त्यावरून आप्पा रोज भांडतात.) तू म्हणशील, तालमीच्या खेळावर पोट भरत नाही. खरंय. म्हणून तर तुला जाऊ दिलं.

झालं, पुन्हा प्रवचन सुरू केलं मी. राग मानू नकोस. तुझा डावा पाय माझ्यापेक्षा, काकापेक्षाही चांगला आहे, हे घरात कधी बोललो नाही. काकाचा गुडघा गेला तेव्हा त्याच्याकडे महापालिकेची नोकरी होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरतं.

सहीच्या आधी कागदांचे फोटो पाठव. पगाराची तारीख लिहिलीय का, दुखापतीचा खर्च कोण करणार, आणि लीग पुन्हा अडकली तर पगाराचं काय, हे तीन मुद्दे नीट वाच. घाई करायला लागले तर वडिलांना दाखवतो म्हण, खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब बघून देतील.

फॉर्म विलंब शुल्क भरूनही घेतात, मी कॉलेजात विचारून आलोय. शुल्क मी भरतो.

तुझे,
बाबा