आठवीनंतर ताट का बंद होतं?

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी 28 वर्षं विज्ञान शिकवलं. खिचडीची सुट्टी झाली की पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या घेऊन व्हरांड्यात रांगेनं बसायची आणि नववी-दहावीची त्यांच्यासमोरून फाटकाबाहेर जायची. पोषण आहार आठवीपर्यंतच! सातवीतला भाऊ जेवतोय आणि नववीतली बहीण बाहेर पाच रुपयांचा पुडा फोडतेय, हे मी रोज पाहिलं. आमच्या स्वयंपाकीण मावशी कधी कधी उरलेली खिचडी तिला गुपचूप वाढायच्या. नोंदवहीत ती कुठंच दिसली नाही.

हे सगळं पोटाबद्दल वाटेल, पण मी लिहितेय ते मुलांच्या मनाबद्दल. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. म्हणजे पन्नासच्या वर्गात तीन-चार जण. त्या वर्गात मी उभी राहिलेली आहे, आकडा मला खोटा वाटत नाही. नेमक्या याच वयात मेंदूची आतून फेरबांधणी चालू असते. पाण्याचा अंश सोडला तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा, आणि त्यात ओमेगा-3 गटातलं डीएचए हे मेदाम्ल (स्निग्ध पदार्थाचा घटक) महत्त्वाचं. ओमेगा-3 चा मूळ कच्चा माल शरीराला स्वतः बनवता येत नाही, तो ताटातूनच यावा लागतो.

आता इथं एक इशारा देते, कारण उद्या कुणीतरी ओमेगा-3 च्या कॅप्सूलचा प्रस्ताव घेऊन आपल्या दालनात येईल. व्हिएन्नात 81 तरुणांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2010 साली आला: मनोविकृतीचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराचा, मोठा धोका असलेल्यांना बारा आठवडे ओमेगा-3 असलेलं माशाचं तेल दिल्यानं आजाराचं प्रमाण घटलं. मोठा गाजावाजा झाला. पुढं अनेक देशांत मिळून तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, त्याचे निकाल 2017 मध्ये आले, आणि फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांना वर्षभर क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या समुद्री जीवाच्या, ओमेगा-3 असलेल्या तेलाच्या गोळ्या दिल्या, तरी त्यांच्या उदासपणात फरक पडला नाही. तेव्हा लोहाच्या निळ्या गोळीशेजारी आणखी एक पिवळी गोळी नको. सगळा आहारच बदलून पाहिलेल्या प्रयोगांमधून मात्र थोडी आशा दिसते. ऑस्ट्रेलियात उदासीनतेची लक्षणं असलेल्या 17 ते 35 वयाच्या तरुणांनी तीन आठवडे भाज्या, मासे, सुकामेवा असं खाल्लं आणि त्यांची लक्षणं कमी झाली. प्रयोग छोटा होता, आणि आपण काय खातोय हे त्यांना माहीत होतं, हेही सांगायला हवं. पण चांगल्या जेवणाचा दुष्परिणाम सहसा कुणाला होत नाही, आणि भुकेल्या पोराला जेवण द्यायला पुराव्याची वाट कशाला पाहायची?

मग त्या जेवणात काय असावं? आमच्याकडे लगेच ‘जुनं ते सोनं’ म्हणत घाण्याच्या करडई तेलाची आठवण काढतात. मलाही त्याचा वास आवडतो. पण करडईत आणि सूर्यफुलात ओमेगा-6 हे दुसऱ्या गटातलं मेदाम्ल भरपूर आणि ओमेगा-3 जवळपास शून्य. पामतेलातही ओमेगा-3 नसल्यासारखंच. ओमेगा-3 होतं ते भाकरीवरच्या जवसाच्या चटणीत. मोठा चमचाभर, म्हणजे सात ग्रॅम जवसाच्या भुकटीत ते दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं. त्यातलं फार थोडं शरीरात डीएचए बनतं हे खरं, म्हणून सोबत अंडं हवं, आणि किनारपट्टीवर बांगडा किंवा तारली. आपल्याच लातूरच्या बाजारात ढिगानं येणाऱ्या सोयाबीनच्या तेलातही सात टक्क्यांच्या आसपास ओमेगा-3 असतं. सहावी ते आठवीसाठी रोजचं तेल साडेसात ग्रॅम ठरलेलं आहे. ते सोयाबीनचं असेल तर अर्धा ग्रॅम तिथंच निघतो.

अंड्याचं नाव काढलं की आपल्या खात्याला घाम फुटतो, हे जाणून आहे. 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये शासनानं त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून बघा म्हणून सांगितलं. मंत्रिमहोदय, ज्या गावात शाळेच्या खडूसाठी वर्गणी काढावी लागते तिथं अंड्यांसाठी लोकसहभाग कुठून आणायचा?

माझं मागणं एवढंच: ताट दहावीपर्यंत न्या. केंद्राचा वाटा आठवीलाच संपत असेल, तर पुढची दोन वर्षं राज्यानं उचलावीत. एकदम सगळीकडे जमणार नसेल तर मराठवाड्यातले आणि विदर्भातले काही तालुके घ्या. तिथं जवस लोकांच्या जिभेवर आहे. अंड्याचा निधी परत सुरू करा. आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत, हा 2020 चा नियम पाळला जातोय का, हे कुणीतरी येऊन बघा. आमच्या फाटकापासून पहिली गाडी मी पावलांनी मोजली होती: बावीस पावलं. कढईतलं तेल दुपारपर्यंत चहासारखं काळं व्हायचं.

चटणीनं समुपदेशकाचं काम होणार नाही, तेही पद भरायचं आहेच. रडणाऱ्या मुलीला मी 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर लिहून द्यायचे, पण फोन बापाच्या खिशात असायचा.

अंमलबजावणीची काळजी करू नका. जवस अख्खे खाल्ले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून कुटायचे, आणि कूट फार दिवस ठेवायचं नाही, खवट होतं. हे शासन निर्णयात लिहायला विसरलात तरी चालेल. आमच्या मावशींना ते ठाऊक आहे. फक्त त्यांचं मानधन वेळेवर द्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका