दागिन्यांचा प्रवेश विसरू नये
महोदय,
रविवारच्या पुरवणीतील ‘वाडा चिरेबंदी’वरील लेख वाचला, मात्र देशपांडे कुटुंब केवळ पैशांच्या वादाने दुभंगते, हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. महेश एलकुंचवारांच्या या नाटकात (विजया मेहता यांनी ते १९८५ साली रंगभूमीवर आणले) वहिनी रात्रीच्या एकांतात घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तेव्हा आयुष्यभर राबलेली ही सून क्षणभर वाड्याची मालकीण होते आणि तिचा नवरा भास्करही तिच्याकडे नव्याने पाहू लागतो. शिक्षण अर्धवट सुटलेली भास्करची बहीण प्रभा मात्र त्याच छपराखाली कुढत असते. पुढे हेच सोने घेऊन वहिनीच्याच पोटची मुलगी रंजू पळते. नात्यांची ही उलथापालथ घराण्याच्या ऱ्हासाची खूण असलेल्या अंगणातल्या बंद ट्रॅक्टरपेक्षा अधिक बोलकी आहे. लेखात तिला एक ओळही मिळू नये, याचे नवल वाटते.
– एक नाट्यरसिक, नागपूर