नाणी वाचायला शिकवणाऱ्या काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, पण त्यात तुमचं नाव घालत नाही. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाण्यावर राजाचं नाव असतं, साचा कोरणाऱ्याचं नसतं. माझंही नको." म्हणून नुसतं काका. ज्यांना तुम्ही हातात भिंग देऊन खिडकीपाशी बसवलंत, ते सगळे ओळखतीलच.

आभार नाण्यांबद्दल नाहीत. नाणी काय, कोणीही मिळवून देतं. तुम्ही मला नाण्याला विचारायचा एक प्रश्न दिलात, आणि त्या प्रश्नाने माझ्या संग्रहाचा अर्थच बदलला. इतर जण विचारतात हे कोणाचं, किती जुनं, किती दुर्मीळ. तुम्ही विचारायचात, "हे नाणं कोणाला उत्तर देतंय?"

पहिल्यांदा हे कळलं ते नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर. नहपान हा क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या शक राजांपैकी एक. एका बाजूला क्षत्रपाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरांची वेटोळी, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीतला लेख. आणि या सगळ्यावर, थेट राजाच्या गालावर, तीन कमानींची टेकडी ठोकलेली. मागच्या बाजूला तसंच उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली. टेकडीच्या कडेने अक्षरं लावत गेलं की वाचता येतं: रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णीचं. टेकडीच्या खालून नहपानाचं नाक अजून दिसत होतं. तुम्ही विचारलंत, "किती राजे दिसतात?" आणि पुढे काही न बोलता वाट बघत राहिलात. ती वाट बघण्याची तुमची रीत फार मोलाची आहे, काका. उत्तर तुमच्या ओठांवर असायचं, पण ते समोरच्याने स्वतः शोधावं यासाठी तुम्ही कितीही वेळ द्यायचात.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली असा साठा सापडला: नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. हे आकडे मी आधी वाचले होते. पण ही चांदी वितळवून नवी नाणी का पाडली नाहीत, हा प्रश्न तुम्हीच पुढे ठेवलात. वितळवली असती तर नहपान नाहीसा झाला असता. ठसा मारला, त्यामुळे त्याची हार प्रत्येक देवघेवीत लोकांच्या हाती जात राहिली, आणि चलनही ताबडतोब सुरू राहिलं. राजकारण आणि व्यवहार दोन्ही एका घावात साधले, असं तुमचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

त्याच नाण्याजवळ तुम्ही नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख उघडून ठेवलात. मुलाच्या मागे आईने करवलेला तो लेख. त्यात गौतमीपुत्राला क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचंच घराणं, निःशेष करणारा म्हटलंय. आईने मुलाचं कौतुक करावं यात नवल नाही, आणि केवळ प्रशस्तीवर इतिहास उभा करायचा नाही हे तुम्ही नेहमी बजावायचात. पण इथे दगडावरच्या शब्दाला चांदीवरचा घाव साक्ष द्यायला उभा आहे. दोन वेगवेगळ्या जागचे पुरावे एकमेकांना भेटतात तो आनंद काय असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

आणखी एक गोष्ट तुम्ही दाखवलीत, ती मी आजही नव्या मुलांना दाखवते. सातवाहन राजा नाण्यावर आईचं नाव लावतो: गौतमीचा पुत्र, वासिष्ठीचा पुत्र. पश्चिमेकडचे क्षत्रप बापाचं नाव लावतात, तेही पदवीसकट. दोन घराणी एकमेकांशी लढतात, एकमेकांच्या नाण्यांची नक्कल करतात, सोयरीकही करतात, पण स्वतःची ओळख सांगताना एक आईकडे बघतो आणि एक बापाकडे. सातवाहनांनी पुढे क्षत्रपांसारखे चेहऱ्याचे चांदीचे सिक्केही पाडले. त्यांच्या एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा आहे. म्हणजे एकाच नाण्याने दोन प्रांतांतल्या माणसांशी बोलायचं ठरवलं होतं.

गुप्तांची सोन्याची नाणी सगळ्यांनाच आवडतात, मलाही आवडतात. मंचकावर बसून वीणा वाजवणारा समुद्रगुप्त, यूपासमोर, म्हणजे यज्ञस्तंभासमोर, उभा अश्वमेधाचा घोडा. पण तुम्ही मला जास्त वेळ बसवलंत ते दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या इवल्याशा चांदीच्या नाण्यापाशी. त्याने पश्चिम क्षत्रपांचं राज्य जिंकलं, आणि तिथे चांदी पाडताना तोच आकार ठेवला, तोच चेहऱ्याचा घाट ठेवला, डोक्यामागे साल घालायची पद्धतही ठेवली. बदललं ते मुख्यतः मागच्या बाजूचं चिन्ह: क्षत्रपांच्या नाण्यांवरची टेकडी गेली, गरुड आला. बाजारात माणूस जे नाणं ओळखतो ते त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही, पण राज्य कोणाचं ते मात्र त्याला कळलं पाहिजे. पुढे कुमारगुप्ताच्या चांदीवर मोर आला. हे सगळं एका नखाएवढ्या जागेत. सोन्याच्या नाण्यांची मोठी छायाचित्रं बघून जे कधी सुचलं नसतं, ते या झिजक्या चांदीने सुचवलं.

गोष्टींच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. नाण्यांना गोष्टी लवकर चिकटतात. जहांगीराच्या राशींच्या मोहरा घ्या. ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय की नूरजहाँने बादशहाकडून एका दिवसाचं राज्य मागून घेतलं आणि त्या एका दिवसात बाराही राशींची नाणी पाडून घेतली. ऐकायला किती सुंदर! तुम्ही गोष्ट पूर्ण सांगू दिलीत आणि मग म्हणालात, "आता नाण्यांवरची सालं बघ." सालं वेगवेगळी आहेत, एका दिवसाचं काम असतं तर ती एकच असती. शिवाय जहांगीराने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय की महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचं चित्र घालावं हे त्याच्याच मनात आलं, राज्याच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १६१८ मध्ये. गोष्ट पडली, पण माझ्या मते जे उरलं ते जास्त सुंदर आहे: चित्रांवर जीव असलेला एक बादशहा फारवर्दीन हे महिन्याचं नाव काढून तिथे मेष राशीचा मेंढा बसवतो.

अशीच सक्ती तुम्ही रामाच्या नाण्यांबद्दल केलीत. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८ किंवा त्याहून आधीचं. ही नाणी किती घरांत देव्हाऱ्यात असतात! ती कंपनीने पाडलेलं चलन नव्हेत, पूजेसाठी आणि हौसेसाठी नंतर कोणीतरी बनवलेले बिल्ले आहेत, हे तुम्ही कोणाचाही भाव न दुखावता समजावून सांगायचात. "देव म्हणून ठेवा, नाणं म्हणून ठेवू नका." आणि लगेच खरं नाणं दाखवायचात: अकबराने सुरू केलेल्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षातल्या अर्ध्या मोहरेचं छायाचित्र, धनुष्य घेतलेला पुरुष, मागे स्त्री, वर नागरीत 'राम सीय'. खरा इतिहासच एवढा विलक्षण असताना खोट्याची गरज काय, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसायचं.

आता शिवराई. याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तांब्याची शिवराई आपल्याकडे इतकी सापडते की बरेच संग्राहक ती बाजूला सारतात. तुम्ही मात्र तिला सगळ्यांत मोठा ट्रे दिला होता. भोवती बिंदूंचं वर्तुळ, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. हातोड्याने पाडलेलं नाणं, त्यामुळे एखाद्यावर 'श्री' अर्धी कापलेली, एखाद्यावर 'पति' कडेच्या बाहेर गेलेलं. कुठे शि ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे श च्या जागी स. तुम्ही मला एकेक शिवराई घेऊन अक्षरांची वळणं कागदावर उतरवायला लावलीत. हात दुखायचा, पण त्या उतरवण्याने डोळा तयार झाला.

मग तुम्ही तुमचा प्रश्न विचारलात: ही कोणाला उत्तर देते? आदिलशाही, कुतुबशाही, मुघल, चहूकडच्या नाण्यांवर फारसी. त्यांच्यामध्ये १६७४ च्या राज्याभिषेकाला सोन्याचा होन आणि ही तांब्याची शिवराई नागरी अक्षरं घेऊन उभी राहते. चित्र नाही, देव नाही, शस्त्र नाही, नुसती अक्षरं. त्यामागे विजयनगरच्या होनांवरचं 'श्री प्रताप कृष्णराय' हे नागरीही तुम्ही दाखवलंत, म्हणजे ही साखळी आणखी मागे जाते. पण विजयनगरचं ते नाणं सोन्याचं होतं. शिवराई तांब्याची, म्हणजे भाजी घेणाऱ्याच्या आणि मजुरी मिळालेल्या माणसाच्या मुठीत जाणारी. राजाचं नाव सगळ्यांत हलक्या नाण्यावर, सगळ्यांत जास्त हातांत.

शिवराई विकणारा प्रत्येक जण ती खुद्द महाराजांच्या काळची म्हणून सांगतो. तुम्ही शांतपणे सांगायचात की आज सापडणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या नंतरच्या, पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशवाईतल्या आहेत. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. मग तुम्ही म्हणायचात, "अरे, राजा गेल्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ लोक त्याच्याच नावाचं तांबं पाडत राहिले, यापेक्षा मोठा मान कोणता?" काका, हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलंय की आता तुमच्या परवानगीशिवायच ते माझं झालंय.

तुमच्या शिस्तीबद्दल थोडं. नाणं संग्रहात येण्याआधी त्याचं टिपण तयार हवं: वजन, व्यास, साच्यांचा परस्परांशी कोन, आणि कुठून आलं. 'कुठून' ला उत्तर नसेल तर तुम्ही कितीही सुंदर नाणं परत करायचात. जमिनीत सापडलेलं धन १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, हे तुम्ही नवख्याला पहिल्याच भेटीत सांगायचात. कायद्यापलीकडे तुमची स्वतःची कळकळ होती: साठा फुटून दहा जणांकडे गेला की त्यातलं एकेक नाणं वाचेल, पण साठ्याची गोष्ट कायमची गेली. जोगळटेंभीचा साठा एकत्र तपासला गेला म्हणून तर ते नऊ हजार ठसे मोजता आले.

घासून चकचकीत केलेलं नाणं बघितलं की तुम्हाला खरंच यातना व्हायच्या. आणि मुघल रुपयांवर सराफांनी मारलेल्या खुणा, ज्यांना सगळे दोष मानतात, त्या तुम्ही प्रेमाने बघायचात, कारण प्रत्येक खूण म्हणजे कोणीतरी ते नाणं पारखून पुढे दिल्याची नोंद. झिजेबद्दलही तेच. दामोदर कोसंबींनी हजारो आहत नाणी, म्हणजे चिन्हांचे ठसे मारलेली प्राचीन नाणी, तोलून दाखवून दिलं की फिरताना नाणं वजन गमावत जातं आणि त्या घटीवरून साठ्यातल्या नाण्यांचा क्रम लावता येतो. गणिताचा माणूस तराजू घेऊन बसला आणि झीज हाच पुरावा झाला. तुम्ही मला नाजूक तराजू दिलात तो याच कारणाने, आणि नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणक संशोधन संस्थेच्या संग्रहालयात पाठवलंत तेही नुसतं बघायला नाही, टिपणं घेऊन यायला.

एक काम अडलंय, ते इथेच सांगते. दुसऱ्या रुद्रसेनाच्या त्या चांदीच्या नाण्याचा लेख मी पूर्ण लावला: राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस. बाप नुसता क्षत्रप, मुलगा त्याहून वरच्या पदवीचा महाक्षत्रप. तुम्ही सांगितलेली पदवीची गोष्ट डोळ्यांनी वाचली. डोक्यामागच्या शकाच्या आकड्यात शंभराचं चिन्ह स्पष्ट आहे, दहमाचं माझ्या मते ऐंशीचं, पण एकमाचं अर्धं कडेबाहेर गेलंय. मला ते चार वाटतं. शंभर, ऐंशी आणि चार, म्हणजे शक १८४ धरलं तर अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन २६२ येतं. तिरप्या उजेडातली छायाचित्रं आणि वजन वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. सवडीने बघा, आणि नेहमीसारखं लगेच उत्तर सांगू नका.

काकूंना नमस्कार.

तुमची,
खिडकीपाशी बसणारी विद्यार्थिनी